पेडल दाबलं की आवाज

नातवंडांनो, तुमच्या बाबाने माझ्या गाडीचा रोग सातासमुद्रापलीकडून, फोनवर ऐकून ओळखला. मी गाडीत बसून क्लच दाबला, फोन पायांजवळ धरला आणि चार सेकंदांत निदान आलं. "आई, गिअरबॉक्स गेला. विकून टाक आता. या वयात हवी कशाला गाडी?"

गिअरबॉक्सचं आणि माझ्या वयाचं निदान त्याने एकाच दमात उरकलं. रागाच्या भरात मी शब्द देऊन बसले: दोष गिअरबॉक्सचा निघाला तर गाडी विकीन, नाही निघाला तर त्याने हा विषय पुन्हा काढायचा नाही. गाडी गेली तरी रिक्षा आहेतच म्हणा. पण पुण्यात रिक्षावाल्याला जिथे जायचं असतं, तिथे माझं सहसा काम नसतं.

पार्किंगमध्ये खालच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर भेटले. बॉनेट न उघडताच म्हणाले, "फॅन बेल्ट."

"अहो, क्लच दाबला की आवाज येतो, सोडला की थांबतो. फॅन बेल्टला माझा पाय कसा कळतो?"

"जुना झाला की कळतो."

या गृहस्थांनी आयुष्यभर पूल बांधले. कुठले, ते मी विचारलं नाही. त्यांवरून जावं लागतं.

मग मी माझ्या पद्धतीने बसले. वही, पेन, चष्मा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, इंजिन चालू. पेडल मोकळं: काही नाही. पाय नुसता टेकवला: बारीक किरकिर. पेडल पूर्ण दाबलं: मिक्सरमध्ये सुकं खोबरं टाकावं तशी घरघर. दहा वेळा केलं, दहाही वेळा तेच. मला जे वाचून माहीत होतं ते असं: पेडल मोकळं असताना आवाज येऊन दाबल्यावर थांबला असता, तर संशय गिअरबॉक्सवर गेला असता. इथे उलट होतं. पेडल दाबल्यावरच ज्याच्यावर भार येतो, ते क्लचचं रिलीज बेअरिंग ओरडत होतं.

येरवड्याच्या मेकॅनिकपुढे मी वही ठेवली. त्यांनी ती खरोखर वाचली, दोनदा पेडल दाबून पाहिलं आणि म्हणाले, "बरोबर आहे काकू. बेअरिंगच. बदलायला गिअरबॉक्स खाली उतरवावा लागेल, पण त्याला स्वतःला काही झालेलं नाही."

तिथूनच तुमच्या बाबाला फोन लावावा असं मला वाटत होतं. त्याच्याकडे पहाटेचे तीन वाजले होते, हे तर अधिकच सोयीचं होतं.

"थांबा, एक चक्कर मारू," मेकॅनिक म्हणाले. "तुम्हीच चालवा."

ते शेजारी बसले. पुढचा सिग्नल पार केला तरी ते रस्त्याकडे बघेनात, खाली बघत राहिले.

"काकू, गिअर बदलायचाय का आता?"

"नाही."

"मग तो पाय काय करतोय तिथं?"

माझा डावा पाय, जेवून दिवाणावर लवंडावं तसा, क्लचवर पडला होता.

"नुसता टेकवलाय," मी म्हटलं. "चाळीस वर्षं गाडी चालवतेय मी."

"तेच म्हणतोय ना. नुसता टेकवला तरी बेअरिंग झिजतं. चाळीस वर्षं टेकवलाय."

तुमच्या बाबाला गाडी मीच शिकवली. त्याचा पाय क्लचवर रेंगाळला की गुडघ्यावर फूटपट्टी बसायची, आणि तीही उभी.

दोन दिवसांनी गाडी नवं बेअरिंग घेऊन आली. आता पेडल दाबलं तरी काही ऐकू येत नाही. मी तुमच्या बाबाला कळवलं: "गिअरबॉक्स शाबूत. गाडी राहते आहे. विषय संपला."

त्याचं लगेच उत्तर आलं: "छान. पण मग बेअरिंग कशाने गेलं?"

मी अजून उत्तर दिलेलं नाही. आमचा करार निदानापुरता होता. कारणाबद्दल त्यात एक अक्षर नाही.