मॉनिटरच्या ताब्यातला वर्ग

“हिला तोंड आहे, का नुसते हातच?” पीटीचे सर शेजारच्या बाईंना म्हणाले. मी त्यांच्या मागेच भिंतीवर चार्टपेपर चिकटवत होते, हे त्यांच्या लक्षात आलं नसावं.

बाई हसल्या. “इंग्लिश मीडियमची आहे हो. मराठीत बोलायचं टेन्शन येत असेल.”

ते अगदीच खोटं नव्हतं.

करंजाडेच्या त्या शाळेत आम्ही दोघी शिक्षकांना प्रशिक्षण द्यायला गेलो होतो. बोलायचं काम माझ्या मोठ्या सहकारी, ताई, यांचं; चिकटपट्टी, मार्कर आणि गप्प राहणं माझं. प्रत्येक वर्गातून दोन मुलं ‘सोबती’ म्हणून निवडायची होती. घरी मार पडला, कोणी छळलं, तर मोठ्यांना सांगायची भीती वाटते, पण बरोबरीच्याला सांगता येतं. सोबत्याने फक्त ऐकून घ्यायचं, आणि काही गंभीर असेल तर शिक्षकांपर्यंत आणायचं. अशी मुलं कशी निवडायची, कशी तयार करायची, हे शिक्षकांना शिकवायचं होतं.

“निवडायचं काय त्यात?” आठवीच्या बाई म्हणाल्या. त्या मूळच्या जासई गावाकडच्या. “मॉनिटर हायेत ना. हुशार पोरं, आमचं ऐकतात.”

बाकीच्यांनी माना डोलावल्या. “शेवटी ठरवू,” ताई म्हणाल्या.

चिकटपट्टी संपली म्हणून मी खाली ऑफिसात निघाले, तर जिन्यातच फटक्यांचा आवाज ऐकू आला. सगळे शिक्षक वर आमच्यासमोर बसले होते. म्हणजे खाली वर्ग मॉनिटर सांभाळत होते. तोपर्यंत माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं.

आठवीचं दार उघडं होतं. फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं, नावांपुढे फुल्या. जितक्या फुल्या तितके फटके. मॉनिटर नीटनेटका, भांग पाडलेला मुलगा, हातात स्टीलची पट्टी. त्याच्यासमोर एक बारीक मुलगी.

“उलटा कर,” तो म्हणाला.

तिने हात पालथा केला. त्याने पट्टी उभी धरली आणि कडेने तिच्या बोटांच्या सांध्यांवर मारली. वर्ग एका सुरात मोजत होता, पाढे म्हटल्यासारखा. एका फटक्याला मधल्या बोटाची कातडी फाटली आणि तिने हात मागे घेतला.

“हललीस. परत पहिल्यापासून.”

वर्ग खिदळला आणि पुन्हा एकपासून मोजू लागला.

माझ्या तोंडात वाक्य तयार झालं ते इंग्रजीत. ते मराठीत येईपर्यंत पट्टी आणखी पडली. शेवटी मी तशीच आत गेले आणि हात पुढे केला. मॉनिटरने पट्टी लगेच दिली, अदबीने. “गुड मॉर्निंग, टीचर.” सगळा वर्ग उठून उभा राहिला. त्या मुलीने हात ओढणीत गुंडाळला होता आणि ती माझ्याकडे नाही, पट्टीकडे बघत होती. पट्टीच्या कडेला लाल लागलं होतं. वर येताना मी ते रुमालाने पुसलं. का पुसलं, माहीत नाही.

वर ताई माझीच वाट बघत होत्या. “चला, आता नाटक करून बघू. ही मार खाल्लेली मुलगी. सर, तुम्ही सोबती.”

पट्टी टेबलावर ठेवून मी खुर्चीत बसले. मी बराच वेळ काही बोलायचं नाही, असं आमचं ठरलेलं होतं. न बोलणाऱ्या मुलासमोर थांबता येतं का, तेच बघायचं होतं.

“काय झालं?” पीटीच्या सरांनी विचारलं. मी गप्प. “अगं, काय झालं?” मी गप्पच. मग त्यांचा हात आपोआप टेबलाकडे गेला. “बोल ना!” आणि पट्टी सटकन माझ्या दंडावर बसली.

आधी थंड लागलं, मग दंड पेटला. हॉलभर हशा झाला. फक्त ताई हसल्या नाहीत.

“सर, हे काय?” त्या म्हणाल्या.

“अॅक्टिंग हो, ताई! हलकीच मारली.”

“आमी पन मार खाऊनच मोठं झालो,” आठवीच्या बाई म्हणाल्या. “काय बिघडलं आमचं?”

मी दंडावर वळ उठताना बघत होते, तेवढ्यात दार वाजलं. दारात मॉनिटर. त्याने त्या मुलीला मनगटाला धरून आणलं होतं.

“बाई, पट्टी वर आलीय. पट्टी नाही म्हणून कोणी ऐकत नाहीय. ही रडतेय, सगळे हिच्याकडेच बघतायत.”

बाई उठल्या, दाराशी गेल्या आणि त्यांनी मुलीच्या कानाखाली लगावली. तिचं डोकं चौकटीवर आपटलं. “पाहुणे आलेत आणि रडून दाखवतेस?”

मग त्याच हाताने त्यांनी मॉनिटरचा खांदा थोपटला आणि ताईंकडे वळल्या. “ह्याचंच नाव लिहा, ताई. वर्ग कसा टाइट ठेवतो बघा.” आणि मुलीला म्हणाल्या, “यापुढं काय पन झालं तर ह्याला सांगायचं. समजलं?”

“हो बाई,” ती म्हणाली. ओढणीवर लाल डाग पसरत होता. तिच्या आणि ताईंच्या मध्ये बाई उभ्या होत्या. तो डाग मलाच दिसत होता.

सरांनी पट्टी मॉनिटरपुढे धरली. “घे रे तुझी.”

मी उठून पट्टीचं दुसरं टोक पकडलं. सर हसले, त्यांना वाटलं नाटक अजून चालू आहे. त्यांनी ओढून बघितली. मी सोडली नाही.

“पट्टी देऊ नका,” मी म्हणाले. माझा आवाज चिरकला, पण निघाला. “हा हिचा सोबती नको. ह्याने हिला पट्टीच्या कडेने मारलंय, मी बघितलंय. ओढणी बाजूला करून तिचा हात बघा. आणि सर, मघाशी मला लागलं.”