ओढून मोकळं केलेलं मन

आमच्या तालुक्यात गांजाला गांजाच म्हणतात आणि ओढणाऱ्याला गंजेटी. पुण्यात त्याला वीड म्हणतात आणि ओढणारा 'स्वतःवर काम करत' असतो. हे ज्ञान मला रूममेटने दिलं. कर्वेनगरातल्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच राहायचो. हा मूळचा पेठेतला. स्वतःला शोधायचंय म्हणून घर सोडून आला आणि शोधायला गेला ते बरोबर एवढ्याच अंतरावर, की दर रविवारी धुण्याची पिशवी घेऊन आईकडे परत जाता येईल.

मी वऱ्हाडातला. खराडीत एका कंपनीत सपोर्टला आहे, म्हणजे दिवसभर कानाला हेडफोन लावून लोकांच्या शिव्या खायच्या आणि वर सॉरी म्हणायचं. अंगात गुण एकच, नकला. हेडमास्तर, एसटीचा कंडक्टर, लग्नात रुसलेला फुफा, सगळे यायचे. गॅदरिंगला मी नुसता स्टेजवर चढलो तरी पोरं हसायला सुरुवात करायची.

गेल्या वर्षी मला काहीतरी झालं. काय झालं ते सांगता येत नाही, भानगड तीच आहे. सकाळी ब्रश हातात घ्यायचो आणि आता पेस्टचं झाकण उघडावं लागणार, एवढ्या विचारानेच परत आडवा व्हायचो. वर पंखा. पंख्यावरची धूळ मला पाठ झाली होती. ऑफिसला कळवायचो, नेटवर्क नाही. शेवटी टीम लीड म्हणाला, "भाऊ, एक तर डॉक्टर गाठ, नाहीतर गाव गाठ." गाव म्हणजे आई. आईसमोर दुपारपर्यंत अंथरुणात पडून राहायचं आणि तिने उशाशी बसून "काऊन रे बाबू, काय झालं तुले?" विचारायचं. त्यापेक्षा समुपदेशन बरं, म्हणून कोथरूडच्या एका मॅडम धरल्या.

मॅडम म्हणजे पन्नाशीच्या, कॉटनची साडी, खुर्चीत ताठ. पहिल्या वेळी मी तासभर बसलो आणि "हो", "नाही", "माहीत नाही" एवढंच बोललो. त्यांनी "हं" म्हटलं. मीही मनातल्या मनात तस्संच "हं" करून बघितलं. जमलं.

घरी येऊन रूममेटला म्हणालो, "तिथं तोंडच उघडत नाही बे."

"अरे, तू ब्लॉक्ड आहेस," तो म्हणाला. गांजा ओढणारा प्रत्येक माणूस अर्धा डॉक्टर असतो, आणि तो अर्धा नेहमी चुकीचा असतो. "जाण्याआधी थोडं मार. सगळं फ्लो होईल. नॅचरल आहे यार, झाडाचा पाला आहे."

"धोतराही झाडालाच लागतो."

"तुझी हीच नेगेटिव्हिटी," असं म्हणत त्याने जॉइंट पुढे केला. चव भिजलेलं पोतं जाळल्यासारखी. पण पुढच्या शनिवारी मी तसाच मॅडमकडे गेलो आणि काय सांगू, वाहायलाच लागलो! तोंडाला बडीशेप, डोळ्यात ड्रॉप, आणि आतून नुसता धबधबा. वडिलांवर बोललो. ताटावर बसलं की ते माझ्याशी थेट बोलायचे नाहीत, आईला म्हणायचे, "त्याला सांग." ते गेले तरी त्यांच्या चपला आई अजून दाराशीच ठेवते. मॅडमनी समोर रिकामी खुर्ची ठेवली आणि म्हणाल्या, "बाबा इथे बसलेत असं समजा, बोला." मी बोललो, आणि असा बोललो की मॅडमनी चष्मा काढून पुसला. आता नकलाकाराला समोर कुणी चष्मा पुसताना दिसलं की तो थांबतो होय? मी आणखी दोन आवंढे गिळले.

दर शनिवारी हाच प्रयोग. जिना उतरताना छाती फुगलेली असायची. रूममेट विचारायचा, "हील होतंय ना?" मी म्हणायचो, "जबरदस्त." आणि सोमवारी सकाळी तोच ब्रश, तेच झाकण, तोच पंखा.

मग माल आणून देणाऱ्याची सेमिस्टर परीक्षा लागली. असल्या माणसाचीही परीक्षा असते, ही या शहराची शैक्षणिक परंपरा. बाल्कनीत रूममेट सुतक असल्यासारखा बसला आणि मी कोथरूडला कोरडाच गेलो.

मॅडम म्हणाल्या, "मागच्या वेळी आपण बाबांच्या चपलांपाशी थांबलो होतो. त्या तुम्हाला उचलवत नाहीत, म्हणालात."

"कोणाच्या बाबांच्या?" मी म्हणालो.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मी खुर्चीकडे पाहिलं. माझा बाप गावी धडधाकट आहे. त्या वेळी तो स्वतःच्या चपला घालून चौकात पान खात उभा असणार. माझ्याशी तो थेटच बोलतो, गरजेपेक्षा जास्त बोलतो. गेलेला बाप रूममेटचा होता. रोज संध्याकाळी बाल्कनीत तो हेच सांगायचा, हेच आवंढे गिळायचा. मी ओढला की माझ्या तोंडून तोच चालू व्हायचा, 'अरे' आणि 'यार'सकट. इतके शनिवार मॅडम त्याच्या बापावर उपचार करत होत्या, माझ्या अंगातून.

मी सगळं सांगितलं, गांजासकट. त्यांनी ऐकून घेतलं.

"हं. म्हणजे पेशंट घरीच बसलेत."

"पण मॅडम, त्यालाही गरज आहेच."

"मग त्यांनी वेळ घ्यावी. आणि इथे येताना ओढून यायचं नाही. एरवीचं काय करायचं, तेही आपण बोलू. आता तुमचं सांगा."

घशातून आवाज निघाला तो ठाय लयीतला, शेवटचा स्वर खाली सोडणारा. "असं बघा, मला नेमकं काय वाटतं..."

"हा माझा आवाज झाला," मॅडम म्हणाल्या. "तो मी रोज ऐकते."

माझ्याकडे दुसरा शिल्लक नव्हता. मग जे तोंडातून आलं ते शाळेत मारून मारून शुद्ध करण्याआधीचं होतं. "माह्या बापाले काही झालं नाही, मॅडम. कोणालेच काही झालं नाही. कोणी मारलं नाही, कोणी सोडून गेलं नाही. नोकरी हाय. तरी सकाळी पेस्टचं झाकण उघडाले जीवावर येते. आता हे काय सांगाची गोष्ट हाय?"

इतकं फालतू मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. ना सुरुवात, ना शेवट, ना टाळी. मॅडमनी चष्म्याला हातही लावला नाही.

"कारण असल्याशिवाय यायचं नाही, असं मी कधी म्हणाले?" त्या म्हणाल्या. "झाकणाचं सांगा."

आणि मी झाकणाचं सांगत बसलो! चांगली शिकलेली बाई, चांगला धडधाकट पोरगा, आणि विषय टूथपेस्ट. मला माझीच लाज वाटत होती आणि त्यांना वेळ पुरत नव्हता.

घरी आल्यावर रूममेटला झालं ते सांगितलं. आधी तो भडकला. "माझा ट्रॉमा ढापलास? लाज वाटत नाही?" दार आपटून आत गेला. थोड्या वेळाने बाहेर येऊन बाल्कनीच्या दाराशी उभा राहिला.

"चपलांचं काय म्हणाल्या त्या?"

"वेळ घ्या म्हणाल्या."

"अरे, पण असं, साधारण काय?"

"मला काय माहीत बे. तुझा बाप."

मग तो मोबाईल पुढे करून म्हणाला, "नंबर टाक."

टाकला. आता त्याची वेळ माझ्याआधीची असते. जिन्यात मला भेटतो तेव्हा डोळे लाल असतात, आणि वास कसलाही येत नाही. मी आत जातो, बसतो. मॅडम विचारतात, "या आठवड्यात काय?" मी सांगतो, "सोमवारी घासले. मंगळवारी नाही."