भिकाजी परबाचा रस्ता

एकोणीस वर्षांत भिकाजी परबाने रस्त्यावर अकरा माणसांना हाणलं होतं. आकडा त्याचा नव्हे, त्याच्या बायकोचा. त्याचा फाटलेला शर्ट शिवायला घेतला की गंगा सुईत दोरा ओवता ओवता म्हणायची, "हो आठवो." मग पुढच्या खेपेला, "हो नववो." चौथ्यापर्यंत ती रडायची, सहाव्यापर्यंत भांडायची, त्यानंतर नुसती मोजायची.

त्या अकरांत सगळ्या जातीचे वाहनवाले होते. खनिजाच्या ट्रकाचा एक ड्रायव्हर होता, त्याला भिकाजीने अस्नोड्याच्या तिठ्यावर पायाला धरून केबिनमधून खाली ओढला आणि तांबड्या धुळीत लोळवला. काळ्या नंबरपाटीच्या भाड्याच्या गाडीतून बियरची बाटली रस्त्यावर फेकणारा एक पर्यटक होता. चार किलोमीटर पाठलाग करून भिकाजीने आधी त्याच्या गाडीचा आरसा फोडला, मग त्याचं नाक. एक तर बिचारा गावातलाच दुकानदार. त्याचा गुन्हा इतकाच, की धुक्यात त्याने समोरून दिवा मोठा ठेवला होता. प्रत्येक वेळी चूक समोरच्याचीच होती, हे लक्षात ठेवा. निदान भिकाजी तरी तसंच सांगायचा.

आणि हाच माणूस कारखान्यात गरीब गाय! डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत बाटल्यांची झाकणं बनवणारा एक कारखाना आहे, तिथे तो फिटर. त्याच्याहून वीस वर्षांनी लहान सुपरवायझर चारचौघांत त्याची अक्कल काढायचा आणि भिकाजी पान्ह्याचं तेल पुसत "हय सायबा" म्हणायचा. घरीही तसंच. जेवला, बातम्या बघितल्या, झोपला. दिवसभर गिळलेलं सगळं तो रस्त्यावर ओकायचा. कुणाच्या तरी थोबाडीत बसली की त्याला संध्याकाळपर्यंत हलकं वाटायचं.

घर धारगळला, नोकरी डिचोलीला, मध्ये पंचवीस किलोमीटर. भिकाजी खरा जगायचा तो तेवढ्यात. सकाळी सातला तो यामाहा बाहेर काढायचा. ही गाडी त्याच्या लग्नापेक्षा दोन वर्षांनी मोठी, आणि गंगाच्या मते तिच्यापेक्षा लाडकी. एका किकमध्ये चालू व्हायची. वाड्याच्या टोकाला देवचाराचं स्थळ होतं. देवचार म्हणजे गावची हद्द राखणारा, हातात दांडा घेऊन फिरणारा राखणदार. त्याच्यापुढून जाताना भिकाजी दोनदा हॉर्न द्यायचा आणि हात छातीला लावायचा. तिकडे बघायचाही नाही. लहानपणापासून अंगवळणी पडलेली गोष्ट, तिचा कोण विचार करतो? मग कोलवाळचा पूल. नदीवरचा गार वारा शर्टाच्या बाह्यांतून आत शिरून पाठीवर यायचा आणि या आडदांड माणसाला गुदगुल्या व्हायच्या. पुढे पाववाल्या पोदेराची सायकल, तिच्या टोपलीतल्या गरम उंड्यांचा वास. अस्नोड्याला पातळभाजी आणि दोन पाव. पोटात पाव, खाली इंजिन आणि पुढे मोकळा रस्ता असला की भिकाजी हेल्मेटमध्ये आरत्या म्हणायचा, त्याही बेसूर. पंचवीस किलोमीटर संपले की त्याला वाईट वाटायचं. संध्याकाळी तेच उलट दिशेने आहे, एवढ्या आधारावर तो कारखान्यात शिरायचा.

गेल्या गणेशचवथीनंतर त्याच्या सुखात भर पडली. त्याची एकुलती मुलगी सेजल हिला डिचोलीतच रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी लागली आणि ती त्याच्यामागे बसून जाऊ लागली.

पहिला आठवडा दोघं मुक्याने गेली. बाप-लेकीत बोलण्याची सवयच नव्हती. घरात समोरासमोर आली की तिची मान खाली आणि त्याची टीव्हीकडे. पण गाडीवर तोंडं दिसत नाहीत. एके दिवशी कोलवाळच्या पुलावर सेजल एकदम त्याच्या कानाशी म्हणाली, "पप्पा, बारावीक मी एका विषयात नापास जाल्लंय. आवयन तुमका सांगूक नाय."

भिकाजीने गाडी पडू दिली नाही, एवढंच. मग हळूच म्हणाला, "मी दोन विषयांत जाल्लंय."

मागे ती खदाखदा हसली. तिचं हसणं असं आहे, हे भिकाजीला एकवीस वर्षांत ठाऊक नव्हतं. त्या दिवसापासून तिच्या तोंडाला खळ नाही. लॅबमध्ये सुई बघून पडणारे पैलवान, आईचे दुखणारे गुडघे, तिला बेळगावला जाऊन पुढचं शिकायचं आहे ते. सगळं त्याच्या पाठीशी, वाऱ्यात. पन्नासच्या खाली कधी न उतरणारा भिकाजी पस्तीसने चालवू लागला. मागून येणारे हॉर्न मारून पुढे जायचे आणि हा त्यांना जाऊ द्यायचा! चार महिने गंगाने एकही शर्ट शिवला नाही. तो कशालाही मुकला असता, पण ही सकाळ त्याला हवी होती.

जानेवारीत अस्नोड्याच्या पुढे पाइपलाइनसाठी रस्ता खणला आणि सगळी वाहनं एका आतल्या वाड्यावरून वळवली. अरुंद रस्ता, मध्ये एक आंधळं वळण, वळणाला नवी चिऱ्यांची भिंत आणि भिंतीमागे सातवीणीचं जुनं झाड. दुसऱ्याच दिवशी त्या वळणावर मागून हॉर्न वाजला. दोनदा, आखूड. भिकाजीने आरशात पाहिलं. लाल हेल्मेट घातलेला एक माणूस मोटरसायकलवर, अगदी पाठीमागे.

तिसऱ्या दिवशी तोच माणूस, तेच वळण, तेच दोन हॉर्न. वळणावर हॉर्न सगळेच देतात, पण हा पुढे जायला मागत नव्हता. वाट दिली तरी मागेच राहायचा. चौथ्या दिवशी भिकाजीने आरशात पाहिलं तर हॉर्न वाजवून त्याने हात छातीला लावला.

"बघितलंस? तुका बघून काळजाक हात लावता!" भिकाजी गुरगुरला.

"पप्पा, तो माका बघीतसुद्धा नाय. तुमी उगीच कित्याक तापतात?"

"तू गप रव. माका कळता."

सेजल गप्प झाली, ती डिचोलीपर्यंत. तिच्या गप्प होण्याने भिकाजी आणखी पेटला. त्याची सकाळ कुणीतरी नासवत होतं. पुढच्या सोमवारी ती पुन्हा म्हणाली, "पप्पा, खरांच सांगतंय, तो मनीस तसो नाय." भिकाजीने ॲक्सिलरेटर पिळला. त्याच्या डोक्यात बारावा माणूस नक्की झाला होता.

मंगळवारी दोन हॉर्न वाजले आणि भिकाजीने गाडी रस्त्यात आडवी घातली. लाल हेल्मेटवाल्याने कचकचून ब्रेक मारला, गाडी घसरली, एक पाय तिच्याखाली अडकला. त्याने गोंधळून हेल्मेट काढलं. तिशीतला माणूस, बारीक मिशी, गळ्यात कुठल्या तरी ऑफिसचं ओळखपत्र. तो "काय जालां हो?" एवढं विचारतो न विचारतो तोच भिकाजीने आपलं हेल्मेट पट्ट्याला धरून गरकन फिरवलं आणि त्याच्या जबड्यावर घातलं. दात तुटल्याचा आवाज आला. दुसरा फटका कानावर. तिसरा वरून खाली, आणि हेल्मेटच्या काचेची लोखंडी कडी त्याच्या डाव्या डोळ्यात गेली. माणूस ओरडला नाही, त्याच्या घशातून नुसती गुळणी केल्यासारखा आवाज आला. भिकाजीचे हात हलके झाले होते. चार महिने साठलेलं सगळं मोकळं होत होतं.

"पप्पा! सोडा! पप्पा!" सेजल त्याचा शर्ट मागे ओढत होती. शर्ट फाटला, भिकाजी थांबला नाही.

मागची वाहनं थांबली. कुणीतरी विचारलं, काय झालं?

"माझ्या चेडवाच्या फाटी लागता हो! रोज!" भिकाजी ओरडला.

एवढं पुरे झालं. असल्या कामाला माणसं कधी कमी पडत नाहीत. टेंपोतून दोघे उतरले, स्कूटरवरून एक, आणि ज्यांना काही ठाऊक नव्हतं त्यांनी लाथा घालायला सुरुवात केली. एकाने त्याच्या बोटांवर बूट ठेवून वजन टाकलं. तो दोन्ही हातांनी डोळा झाकायला बघत होता आणि त्याला हात मिळत नव्हते.

भिंतीपलीकडून एक म्हातारी धावत आली. चंद्रावती तिचं नाव, हातात दिव्याच्या तेलाची बाटली. ती सरळ त्या माणसाच्या अंगावर आडवी पडली. एक लाथ तिलाही बसली.

"मेल्यांनो, सोडा ताका! आमचो निहार तो! देवचाराक हॉर्न वाजयता रे! भितर ताचो दगड आसा, रस्तो रुंद करताना भिंतीभितर घेतलो. हांगा सगळेच वाजयतात!"

कुणाला पटेना. तेवढ्यात समोरून डिचोलीहून येणारी बस वळणावर आली. ड्रायव्हरला रस्त्यातलं काही दिसायच्या आधी त्याने दोनदा हॉर्न दिला, आखूड, आणि हात छातीला लावला. मग गर्दी बघून ब्रेक मारला.

सगळे त्या ड्रायव्हरकडे बघत राहिले. भिकाजीच्या हातातलं हेल्मेट खाली पडलं. गेली कित्येक वर्षं तो स्वतः रोज सकाळी हेच करत आला होता. आपल्या गावच्या वेशीवर तो करतो ती भक्ती, आणि दुसऱ्या गावचा करतो ती छेडछाड, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

मग त्याच माणसांनी भिकाजीला धरलं. आपल्याकडून झालेली चूक कुणाच्या तरी अंगावर काढायलाच हवी होती. त्याला भिंतीला टेकवून मारलं. दोन बरगड्या मोडल्या, ओठ फाटला. सेजल मध्ये पडली नाही. ती खाली बसून आपल्या ओढणीने निहारचा डोळा दाबून धरत होती. ओढणी पार भिजली होती.

पोलीस चौकीवर गंगाचा भाऊ कृष्णनाथ आला. तो पंचायतीचा मेंबर, असली प्रकरणं त्याने बरीच मिटवलेली. त्याने सेजलला कोपऱ्यात घेतलं. पण आवाज भिकाजीपर्यंत पोचत होता. "एकच वाक्य सांग. चार दिवस तो तुझ्या फाटी लागलेलो, म्हण. मगे केस उलटी फिरता. बापाशीची नोकरी वाचतली."

सेजलने बापाकडे पाहिलं. भिकाजीने सुजलेल्या ओठांनी म्हटलं, "सांग गो."

ती उपनिरीक्षकाच्या टेबलाशी गेली आणि उभ्यानेच बोलली. तो माणूस मला ओळखत नव्हता. त्याने माझ्याकडे कधी पाहिलं नाही. मी पप्पांना दोनदा सांगितलं होतं. पहिला फटका पप्पांनी मारला. तिने जबानीवर सही केली आणि बसने घरी गेली. गंगाने त्या दिवशी शर्ट शिवला नाही, चुलीत घातला.

निहार मळीकचा डावा डोळा गेला. तो वीज खात्यात मीटर तपासायचा. घरी बायको आणि सात महिन्यांचं मूल. केस उभी राहिली, ती अजून चालू आहे. भिकाजीला जामीन मिळाला. कारखान्याने महिनाभर घरी बसवून परत घेतलं. सुपरवायझर आता त्याची अक्कल काढत नाही, जरा लांबून बोलतो. हे भिकाजीला अधिक लागतं.

तो पुन्हा सकाळी सातला निघू लागला. पूल तोच, वारा तोच, उंड्यांचा वास तोच. अस्नोड्याला तो थांबेना. सेजल पावणेसातच्या बसने जाऊ लागली होती. घरात ती त्याला वाढायची, हवं नको विचारायची. आणखी काही नाही.

दीड महिन्याने, एका सोमवारी, भिकाजी लवकर उठला आणि गाडी घेऊन बसथांब्यावर गेला. सेजल एकटीच उभी होती. त्याने इंजिन बंद केलं. मनात घोकून आणलेलं तो बोलला.

"बस मागे. हळू चलयतंय. परत कोणाक हात लावचंय नाय. आवशीची आण."

सेजल त्याच्याकडे बघत राहिली. समोरासमोर, मान खाली न घालता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तुमी मारल्यात म्हणान नाय, पप्पा."

"मगे?"

"ताका मारताना तुमी हासत होतात."

नाही म्हणायला भिकाजीने तोंड उघडलं. तिसऱ्या फटक्याला आपले गाल कसे ताणले होते, ते त्याला आठवलं. बस आली, आणि सेजल तिच्यात चढली.