मागच्या दाराच्या काकू

कोपऱ्यावरच्या त्या वाइन बारचं मागचं दार इस्त्रीकाकूंना चांगलं माहीत होतं. नऊ वर्षं रोज दुपारी तीनला त्या टेबलक्लॉथ आणि नॅपकिनची गाठोडी घेऊन तिथे उभ्या राहत. मॅनेजर गाठोडी आत घेई आणि "काकू, बसा जरा" म्हणून पाणी देई. पुढच्या दाराने मात्र त्या कधी गेल्या नव्हत्या. म्हणून त्या संध्याकाळी ठेवणीतले कपडे घालून आल्या आणि दार ढकलतच राहिल्या. "आई, ओढायचं असतं," मुलगा हळूच म्हणाला.

आत मुलाने लग्नासाठी पसंत केलेली मुलगी आणि तिचे आईवडील आधीच येऊन बसले होते. जागा त्यांनीच ठरवली होती, तीही मुलाकडच्यांना जवळ पडावी म्हणून. आता चांगुलपणाने केलेल्या सोयीला नाही कसं म्हणायचं?

काकूंचा नवरा गेला तेव्हा मुलगा चार वर्षांचा होता. दीर त्याच्या आधीच गेलेला. दोघी जावांनी एका खोलीत दोन टेबलं मांडली आणि गल्लीचे कपडे घ्यायला सुरुवात केली. जावाजावांचं पटत नाही म्हणतात. या दोघींची भांडणं व्हायची ती इस्त्रीवरून, कारण दोन इस्त्र्यांपैकी एक कायम बिघडलेली. पोरगं टेबलाखाली, गरम चादरींच्या ढिगावर वाढलं. त्याला जेवू घालायला आणि गणितं चुकली की कान धरायला दोघी होत्या. आता तो वास्तुविशारदाच्या कचेरीत नकाशे काढतो. मुलगीही तिथलीच. तिच्या घरी त्याने सांगून टाकलं होतं, "आईची लिनन सर्व्हिस आहे, हाताखाली माणसं आहेत."

माणसं म्हणजे धाकटी जाऊ. तिची नजर दोन वर्षांपासून अधू झाली होती आणि अधूनमधून तिच्या हातून एखादा कपडा भाजायचा. जेवायला तिला नेलं नव्हतं. मुलगा म्हणाला, खुर्च्या पाचच सांगितल्यात. खरी अडचण खुर्चीची नव्हती, तिच्या तोंडाची होती. ती बसल्या बसल्या सगळं सांगून मोकळी झाली असती. हे तिलाही कळलं होतं. तरी काकूंचे कपडे तिनेच इस्त्री केले आणि अंघोळीसाठी पाणीही तापवून ठेवलं.

हे लग्न व्हावं म्हणून काकूंचा जीव टांगणीला लागला होता. त्यांनी ठरवलं होतं, कमी बोलायचं आणि हात मांडीवर ठेवायचे, कारण हातांवर चटक्यांचे डाग होते.

मॅनेजर आला. त्याने काकूंना पाहिलं, क्षणभर थांबला आणि म्हणाला, "मॅडम, तुम्हाला काय आणू?" नऊ वर्षांत त्याने त्यांना मॅडम म्हटलं नव्हतं. माणूस शहाणा, त्याने सांभाळून घेतलं. पण काकूंना वाटलं, यापेक्षा त्याने ओळख दाखवली असती तर बरं झालं असतं. त्यांनी विहीणबाईंसारखीच वाइन मागवली. चवीला ती खोकल्याच्या औषधाची सख्खी बहीण होती. काकू "छान आहे" म्हणाल्या.

बोलणी बरी चालली होती. मुलीचे वडील घराविषयी, सुट्ट्यांविषयी बोलत होते. तेवढ्यात विहीणबाईंनी नॅपकिन उलगडला आणि नाक मुरडलं. कोपऱ्यावर तपकिरी डाग होता, इस्त्रीच्या टोकाएवढा.

काकूंना तो डाग निरखून बघायची गरज नव्हती. तो त्यांच्याच हातचा होता. दुपारी धाकटी पाणी तापवायला आत गेली तेव्हा शेवटचे डझनभर नॅपकिन त्यांनी स्वतः उरकले होते. लक्ष घड्याळाकडे होतं. जळका वास आला तेव्हा त्यांनी तो कोपरा आत दुमडून घडी घातली आणि नॅपकिन गठ्ठ्याच्या मध्ये सारला. असं त्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं. एक दिवस चालून जाईल, एवढंच मनात आलं होतं.

"माफ करा, लगेच बदलून देतो," मॅनेजर म्हणाला.

"बदलाल हो, पण असं येतंच कसं टेबलावर? कोण करतं हे काम तुमच्याकडे?"

मॅनेजरने डागाळलेला नॅपकिन उचलला. त्याने काकूंकडे पाहिलंही नाही. मुलगा मेनूकार्डात डोकं खुपसून बसला. एका शब्दात सगळं मिटलं असतं, किंवा सगळं मोडलं असतं. काकू गप्प बसल्या असत्या तरी चाललं असतं. पण भीतीने त्यांची जीभ सुटली.

"नजर गेलेल्या बायका कामाला ठेवल्या की असंच होतं," त्या म्हणाल्या. "दयामाया करून धंदा होत नाही."

"बघा," विहीणबाई नवऱ्याला म्हणाल्या, "यांना कळतं यातलं." आणि त्या काकूंकडे पाहून पहिल्यांदाच मनापासून हसल्या. तिथून पुढे सगळं सुरळीत झालं. गोड पदार्थ येईपर्यंत साखरपुड्याचा महिनासुद्धा ठरला. मुलाने टेबलाखालून आईचा हात दाबला. काकूंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. मॅनेजर दारापर्यंत सोडायला आला, तेव्हा त्यांनी त्याच्याकडे मान वर करून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटी हट्टाने बरोबर आली. लग्न जमल्याच्या आनंदात तिला दोन्ही गाठोडी हलकी वाटत होती. मागच्या दारात मॅनेजरने पाणी दिलं आणि तो नॅपकिन काकूंच्या हातात ठेवला. "हा एक भाजलाय. जरा बघून देत जा," एवढंच तो म्हणाला.

धाकटीने तो ओढून घेतला, डोळ्यांशी नेला, बोटाने डाग चाचपला. "माझ्याच हातून झालं असणार, साहेब," ती म्हणाली. "ताईंना काही बोलू नका. मला नीट दिसत नाही आता, त्या बिचाऱ्या झाकून घेतात."

मॅनेजर काकूंकडे बघत राहिला. आदल्या संध्याकाळी त्याने नजर चुकवली होती, आज चुकवली नाही. काकूंनी तोंड उघडलं. "चल, उशीर होतोय," त्या म्हणाल्या.

परतताना धाकटीच्या हातात तो नॅपकिन होता. "नशीब, ताई," ती म्हणाली, "दुसऱ्या कुणाच्या टेबलावर गेला. विहीणबाईंसमोर आला असता तर माझ्यापायी तुमची मान खाली गेली असती."

काकूंनी पावलं भरभर उचलली. धाकटीने चालता चालता नॅपकिनची घडी घातली.

"आता इस्त्री नको मला," ती म्हणाली. "पोराच्या लग्नापर्यंत उगाच काही घोळ व्हायला नको. मी नुसत्या घड्या घालीन. चालेल ना?"

"बरं," काकू म्हणाल्या.