नामदेवांचा रुसवा

वाशीतल्या एका छोट्या मराठी चर्चमध्ये अरुणा साळवे अकरा वर्षं तरुण संघ चालवत होत्या. त्या नर्स. आठवडाभर दंडाला सुया टोचायच्या आणि शनिवारी संध्याकाळी पोरांच्या काळजाला. काळजाला मात्र काही लागत नव्हतं. सात पोरं, सात फोन, आणि करुणेचा धडा सुरू झाला की सनीची जांभई. शेवटी पाळकसाहेबांनी गोड आवाजात सांगून टाकलं, की मिशन रविवारी निदान पाच मुलांनी मंडळीपुढे उभं राहून आपण केलेल्या सेवेची साक्ष द्यावी, नाहीतर शनिवारचा हॉल गायनमंडळाला जाईल.

अरुणाबाई पेटल्या. येशूने शिष्यांचे पाय धुतले होते, तर ही पोरं कांदा-बटाटा बाजारातल्या माथाडींचे धुतील. गुरुवार ठरला. संघातल्या क्षिप्राने रबरी हातमोजे आणले होते, ते बाईंनी गेटवरच काढून घेतले.

दुपारी ट्रक रिकामे करून साताऱ्याकडची माणसं पोत्यांवर टेकली होती. त्यांच्यापुढे चर्चच्या बादल्या ठेवून पोरं गुडघ्यांवर बसली आणि एकच पळापळ झाली. साताऱ्याकडे असे पाय धुतात ते जावयाचे, भर मांडवात. टोळीचे मुकादम हौसेराव, वय साठ, पाय पोटाशी ओढून म्हणाले, "बाई, माजं लगीन झालंय. दोन नातवंडं हायती."

बाईंनी अर्धा तास समजावलं, तेव्हा कुठे हौसेरावांनी टोळीला पोरांच्या मनात काही नसल्याची हमी दिली. मग रांगच लागली. कुणी टोपी सरळ केली, कुणी टॉवेलचा फेटा बांधला, मागून कुणीतरी मंगलाष्टक सुरू केलं. सनी एका टाचेच्या भेगेत रुपया उभा राहील का, ते बघत बसला आणि जांभई द्यायची विसरला.

चौदा माणसं झाली आणि नळ गेला. पंधरावे होते नामदेव. चपला बाजूला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. क्षिप्रा "सॉरी काका" म्हणून उठली. नामदेवांनी पँट खाली केली आणि ते भिंतीकडे तोंड करून बसले.

शुक्रवारी हौसेरावांचा फोन आला. नामदेव रुसला होता. डबा खात नव्हता, पोत्याला हात लावत नव्हता, टोळीशी बोलत नव्हता. त्याची समजूत सासरच्यांनी काढायला हवी, असं हौसेरावांचं म्हणणं पडलं.

"सासरचे म्हणजे कोण?" बाईंनी विचारलं.

"आता तुमीच की."

शनिवारी बाईंनी पोरांना ही गंमत सांगितली. पोरं लोळून हसली. क्षिप्रा तेवढी हसली नाही. "आंटी, त्यांनी पँट दुमडली होती ना?" म्हणाली आणि पत्ता मागितला. हौसेरावांकडून कळलं, घणसोली गावात भाड्याची खोली. घरी सापडणार फक्त रविवारी. उद्या मिशन रविवार आहे, नंतर बघू, असं बाईंनी बजावलं.

रविवारी तरुण संघाचा बाक रिकामा. बाई दाराकडे बघून बघून थकल्या, तेवढ्यात मांडीवरचा फोन थरथरला. फोटो होता. घणसोलीच्या बोळात प्लास्टिकच्या खुर्चीवर नामदेव, अंगात इस्त्रीचा शर्ट, चेहरा अजून फुगलेलाच. भोवती अक्षता घेऊन शेजारच्या बायका. परातीत त्यांचे पाय, आणि पायांवर क्षिप्राचे उघडे हात. सनी टॉवेल धरून उभा. खाली क्षिप्राने लिहिलं होतं, "आंटी, हसले एकदाचे. आता जेवल्याशिवाय सोडत नाहीयेत. चर्चला नाही जमणार. आमची साक्ष गेली ना?"

"तरुण संघ," व्यासपीठावरून पाळकसाहेबांनी विचारलं, "आज किती मुलं हजर?"

अरुणाबाई उभ्या राहिल्या. "एकही नाही, पाळकसाहेब."

मंडळीत कुजबुज झाली. साहेबांनी कारण विचारलं.

"घणसोलीत एक गृहस्थ रुसलेत. सगळी त्यांची समजूत काढायला गेलीत." पर्स खांद्याला अडकवून त्या दाराकडे निघाल्या. "हॉल गायनमंडळाला द्या. बादल्या तेवढ्या आमच्याकडे राहू देत."