विमलचं ‘हं’

माझी जुनी मैत्रीण विमल गेली, हे तिच्या लेकीनं, स्मितानं, वडशाहून फोनवर सांगितलं आणि मी गप्प झाले. नात धावतच आली. आजी फोन कानाला लावून गप्प बसली म्हणजे काहीतरी भलतंच घडलं, हे आमच्या घरात सगळ्यांना कळतं.

महिनाभरानं पुन्हा स्मिताचा फोन. “मावशी, आईचा आवाज तुमच्यापाशी कुठी असन का? फोटो ढीगभर हायेत. आवाज नाई.”

असायलाच हवा होता. तरुणपणी एका अभ्यासासाठी आम्ही दोघी धानोऱ्याकडे मोहफुलं वेचणाऱ्या बायांच्या मुलाखती घेत हिंडलो होतो. टेपरेकॉर्डर माझ्या खांद्यावर, कारण शिष्टपणा माझ्याकडे. पाण्याची बाटली विमलकडे, कारण तहान लागते हे तिला आधी सुचायचं. मुलाखत म्हणजे प्रश्न, अशी माझी ठाम समजूत. पैकूबाई नावाच्या म्हातारीनं मोहाखालचा पाला जाळण्याचं सांगायला तोंड उघडलं की मी लगेच, “फुलं दिसावीत म्हणून ना? आणि आग पसरली तर?” वर उत्तरही मीच देऊन टाकायची. विमल शेजारी पदर सावरून बसलेली. मधूनच नुसतं “हं...” आणि तेवढ्यावर म्हातारी मोहावरून निघून थेट नवऱ्याच्या रुसव्यापर्यंत पोचायची!

परतल्यावर टेप मागंपुढं करत शब्द न् शब्द उतरवायचा. माझ्याच बोलण्यानं भरलेली पानं पाहून विमल म्हणाली, “काऊन बाई, मुलाखत कोनाची होय? पैकूबाईची का तुयी?” मी फणकारले. मग त्या पानांच्या पट्ट्या कापून फरशीवर विषयवार ढीग लावायचे, वर चिंचोके ठेवायचे. पट्ट्या उडतील म्हणून पंखा बंद. माझ्या ढिगांना भारदस्त नावं. विमलचा एक ढीग मात्र बिननावाचा... बाया बोलता बोलता जिथं थांबल्या, त्या जागांचा.

“ह्यात काय आहे?” मी विचारायची.

“मालूम नाई. म्हनून तं ठेवला.”

नातीनं त्या टेपा मोबाइलवर उतरवून आणल्या आणि कित्येक दुपारी मी माझाच आवाज ऐकला. इतकी आगाऊ पोरगी मी जन्मात पाहिली नाही. तिला कुणी दटावलं कसं नाही? विमलचं मात्र एक धड वाक्य सापडेना. सगळीकडे तेच, “हं...” कागदावर उतरवताना मी ते गाळायची. शब्द थोडाच आहे तो!

शेवटी ओशाळून तेवढेच तुकडे स्मिताला पाठवले. “एवढंच आहे गं, पोरी.”

तिचा फोन आला तेव्हा ती रडतही होती, हसतही होती. “मावशी, हेच तं पायजे होतं. घरी तरी दुसरं का बोलायची थे?”

आता रविवारी दुपारी तिचा फोन असतो. मी सुरू होते... माझे गुडघे, नातीचं कॉलेज, महागलेली वांगी. मध्येच शंका येते, पोरगी ऐकते आहे ना? मी थांबते.

पलीकडून येतं, “हं...”

मग काय, मी पुन्हा सुरू.