ट्रंकेतला हिरो

माझ्या मावसभावाशी मी आता बोलत नाही. घरातल्यांना वाटतं, कारण एक व्हिडिओ आहे. तेवढंच असतं तर चार दिवस धुसफुसून मी गप्प बसले असते. पण या रागाची सुरुवात मी अकरा वर्षांची असताना झाली. तेव्हा हा भाऊ जन्मालाही आला नव्हता.

दिवाळीच्या सुट्टीत मला मार्गासनीला मावशीकडे धाडायचे. मावशी म्हणजे आईची सगळ्यात धाकटी बहीण, तेव्हा बावीस-तेवीस वर्षांची. काकांचं कापूरहोळला इंजिन दुरुस्तीचं दुकान होतं, ते सकाळी जायचे ते दिवेलागणीला यायचे. मावशी सासूबरोबर आणि जावांबरोबर भातकापणीला जायची. एखाद्या दुपारी तिला स्वयंपाकासाठी घरी ठेवलं की ती मला आतल्या खोलीत न्यायची, दार लोटायची आणि तिच्या माहेरच्या पत्र्याच्या ट्रंकेचं झाकण उघडायची. झाकणाला आतून एक फोटो चिकटवलेला होता. त्या वेळचा मोठा हिरो. पांढरा शर्ट, वरचं बटण उघडं, मान किंचित कललेली. भोरच्या बाजारात बांगड्या घेतल्या तेव्हा कासाराने त्या ज्या कागदात बांधून दिल्या, तो सिनेमाच्या मासिकाचा कागद होता. मावशीने तो नीट उलगडून, कणकेची खळ करून चिकटवला होता.

"नाक बघ गं," ती म्हणायची. "सुतारानं रंधा मारल्यागत."

मीही बघायचे. मला नाकातलं काही कळत नव्हतं, पण मावशीचं तोंड त्या वेळी फार छान दिसायचं. दोन-चार मिनिटं बघायचं, झाकण लावायचं आणि भाकरी थापायला बसायचं. आयुष्यात तिने त्याचा सिनेमा एकच बघितला होता, भोरच्या थेटरात, नणंदेबरोबर. बस्स.

एके दिवशी काका जमिनीचा कसलासा उतारा शोधत होते. त्यांनी मावशीची ट्रंक उघडली आणि तशीच उचलून ओसरीवर आणून आपटली. सासू, सासरे, जावा, शेजारची दोन माणसं, सगळी तिथंच होती.

"ह्यो कोण?" काकांनी विचारलं. मग ते माझ्याकडे वळले. "तू सांग. ह्यो कोण?"

आणि मी सांगितलं. शाळेत उत्तर आलं की हात वर करावा तसं हौसेनं. हिरोचं नाव सांगितलं, वर हसून म्हटलं, "मावशी रोज बघते. मला पण दाखवते."

काकांनी तिच्या थोबाडीत मारली. एकच, पण ती भिंतीवर जाऊन आदळली. मग म्हणाले, "काढ." मावशी नखांनी खरवडायला लागली. खळ पक्की बसली होती, कागद निघेना. तिने शर्टाचा भाग काढला, खांदा काढला, तोंड काही निघेना. तेव्हा सासूने आतून खुरपं आणून तिच्या हातात दिलं. सगळे बघत होते. कुणीतरी हसलंसुद्धा. ते सगळं होईपर्यंत मी खांबाला धरून उभी होते.

त्या दिवसापासून त्या घरात तिला 'हिरोईन' म्हणू लागले. "हिरोईन, पाणी आण." "हिरोईनीचं मीठ आज जास्त पडलं का?" पाणवठ्यावरच्या बायकांनी तो शब्द उचलला, मग सगळ्या गावाने. काका कौतुकाने म्हणत असते तर गोष्ट वेगळी. ते म्हणायचे ते दात चावून.

आणि त्या काकांचं दुकान मी पुढं बघितलं. सातवीत असताना एकदा त्यांचा डबा घेऊन एसटीने कापूरहोळला गेले होते. दुकानाच्या तिन्ही भिंतींवर कॅलेंडरं. ओल्या साडीतल्या नट्या, बिनबाह्यांच्या नट्या, एक तर गादीवर पालथी पडलेली. तिच्याच शेजारी देवाचा फोटो आणि उदबत्तीचं घर. गिऱ्हाइकं चहा पीत बघत बसलेली. काकांचे केस त्या वर्षीच्या हिरोसारखे कानावर आलेले, खिशात कंगवा. त्यांच्या भिंतींना कुणी खुरपं लावलं नाही. असं का, याचं उत्तर आजतागायत मला कुणी दिलेलं नाही.

मी मात्र धडा शिकले. भोरला कॉलेजात होते तेव्हा मैत्रिणींच्या वह्यांत हिरोंचे फोटो असायचे. माझ्या आईच्या काळात कपाळावर बट सोडलेले, उसासे टाकणारे हिरो होते. मावशीच्या काळात गोड हसणारे आले. आमच्या वेळेला दंड दाखवणारे आणि मोटारसायकलवर बसणारे. मलाही एक आवडायचा. का आवडायचा ते मला पक्कं ठाऊक होतं, पण मैत्रिणींनी विचारलं की मी म्हणायचे, "छे, मला नाही बाई कुणी आवडत." मला बघायला आले तेव्हाही तेच. मुलाने सगळ्यांसमोर आपली आवडती नटी सांगितली, घरभर हशा पिकला, माझा बापसुद्धा हसला. मला विचारलं तर मी म्हटलं, "मी सिनेमे बघत नाही." सगळ्यांना ते फार आवडलं. लग्न ठरलं, मी सासरी भोंगवलीला आले, आणि ते खोटं पस्तीस-छत्तीस वर्षं पाळत बसले.

आता मागच्या हिवाळ्याचं सांगते. भोरला शूटिंग काही नवीन नाही. नदीच्या घाटावर नाहीतर राजवाड्याकडे सारखं काही ना काही चाललेलं असतं, रस्ता अडवतात, लोक कुरकुरतात आणि बघायलाही थांबतात. मावसभावाचा फोन आला. काका जाऊन सहा वर्षं झाली होती, दुकान आता तो बघतो.

"ताई, रविवारी ये. भोरला आईचा हिरो आलाय. म्हाताऱ्याचा रोल हाय त्याचा. माझ्या वळखीचा मानूस हाय युनिटात, भेट घालून देतो म्हणलाय."

मला इतका आनंद झाला की मी डोळे पुसले. वाटलं, बापाने केलं ते पोराने भरून काढलं.

मावशी ठेवणीतली नऊवारी नेसून आली होती. गाडीतून उतरताना तिने मला हळूच विचारलं, "पावडर जास्त झाली का गं?" आम्ही तीन तास उन्हात उभ्या राहिलो. मग बोलावणं आलं. हिरो छत्रीखाली खुर्चीत बसला होता. अंगावर शाल, डोक्यावर केसांचा टोप, डोळ्यांखाली पिशव्या. मावशी त्याच्यासमोर उभी राहिली. तिने हात जोडले. काही बोलणार होती, ओठ हलले होते तिचे. तेवढ्यात भावाने मोबाईल वर धरला आणि मोठ्यांदा म्हणाला, "सर, ही तुमची जुनी हिरोईन! तुमच्यापायी हिनं माझ्या बापाचा मार खाल्लाय!"

सगळं युनिट हसलं. हिरोला मराठी कळलं नसावं. शेजारच्या माणसाने त्याला हिंदीत समजावलं. मग तोही हसला, सवयीने हसतात तसा, आणि कॅमेऱ्याकडे बघून त्याने मावशीच्या खांद्यावर हात टाकला. मावशी हसली नाही. तिने तो हात धरून खाली केला, पदर सारखा केला आणि वळून चालायला लागली. मी तिच्या मागे पळाले.

संध्याकाळपर्यंत व्हिडिओ सगळीकडे गेला होता. खाली गाणं लावलेलं, हसणारी तोंडं टाकलेली, 'आजीचा हिरो' असं मोठ्या अक्षरांत. ती हात खाली करते, तो तुकडा कापलेला. पुढच्या आठवड्यात कापूरहोळच्या एका लग्नात चार जणांनी तिला 'हिरोईन' म्हणून हाक मारली. त्यातले दोघे तर त्या ओसरीच्या वेळी जन्मलेलेही नव्हते.

त्या लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी मी एसटी धरून भावाच्या दुकानात गेले.

"डिलीट कर," मी म्हटलं.

"अगं ताई, लोकांना लई आवडलंय. सगळी गोड म्हणत्यात. आईला बी मजा आली."

"तिला मजा आली नाही. तू तिथं होतास. तिचं तोंड तुझ्याच मोबाईलमध्ये आहे, ते बघ एकदा."

"बाप गेला आता. जुनं काय उकरत बसायचं?"

"उकरलंस तू! तिच्या तोंडावर, चारशे माणसांत!" माझा आवाज इतका चढला की समोरच्या ढाब्यावरची माणसं वळून बघायला लागली. "तिला तो का आवडायचा माहितेय? सिनेमात तो बाईशी नीट बोलायचा म्हणून. हात उगारायचा नाही म्हणून. तुझ्या बापाने तिला ते कधी दिलं नाही!"

त्याने तोंड वाकडं करत व्हिडिओ काढून टाकला. उपयोग शून्य, तोवर तो कुठल्या कुठल्या ग्रुपवर फिरत होता.

तिथून मी तशीच मार्गासनीला गेले. मावशी अंगणात वाल सोलत होती. मी तिला सगळं सांगितलं, जरा फुशारकीनेच. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "असं कशाला सांगितलंस?"

"म्हणजे?"

"त्यो नीट बोलायचा म्हणून आवडायचा, असं. म्या एक शिनेमा बघितला. त्यातलं म्या काय ध्यानात ठिवलंय? त्याचा सभाव मला काय ठावं?" तिने शेंग टाकली. "देखना व्हता. बघावंसं वाटायचं. येवढंच. तुला बी ते सांगाया लाज वाटली व्हय?"

मी तिथंच जोत्यावर टेकले.

"तुझा काका बी देखना व्हता," ती म्हणाली. "म्या त्याला आधी बघितलं असतं तर आपनहून हो म्हणले असते. पर मला कुनी बघूच दिलं न्हाई."

तेव्हा मी तिला म्हटलं, मावशी, त्या दिवशी ओसरीवर मीच सांगितलं गं. सत्तेचाळीस वर्षं मला ते सांगायचं होतं. मला वाटलं, ती म्हणेल, जाऊ दे, लहान होतीस.

"व्हय, तूच सांगितलंस," ती म्हणाली. "लई राग आला व्हता तुझा. पुढं दोन वरसं मी तुझ्याशी धड बोलले न्हाई. तुला कळलं बी न्हाई ते." आणि पुन्हा वाल सोलायला लागली. थोड्या वेळाने तिने सूप माझ्याकडे सरकवलं, मीही सोलायला बसले.

भाऊ पुढच्या रविवारी कापूरहोळहून मावशीकडे गेला तेव्हा तिने त्याला समोर बसवून सांगितलं, की माझा फोटो मला न विचारता काढायचा नाही आणि कुणाला दाखवायचा नाही. तो बरं म्हणाला. चुकलं म्हणाला नाही. अजूनही म्हणालेला नाही.

माझी उशिरा झालेली मुलगी पुण्याला होस्टेलवर असते. तिच्या मोबाईलवर कुठल्याशा परदेशी नटाचा फोटो आहे, मुलीसारखी नितळ कातडी आणि ओठांना रंग. परवा तो बघून नवरा म्हणाला, "हे काय ध्यान?" मी जेवणाच्या पाटावरच त्याला म्हटलं, "तिला आवडतो. मलाही एक आवडायचा. नाव सांगू का?" तो माझ्याकडे बघत राहिला. मी नाव सांगितलं.

यंदा भाऊबीजेला मी मावसभावाला ओवाळायला गेले नाही. निरोपावर निरोप आले. नवरा म्हणाला, जावा म्हणाल्या, एवढ्याशा गोष्टीवरून भावाशी अबोला धरतात का? एवढीशी. ओसरीवर उभ्या असलेल्या सगळ्यांनाही ती एवढीशीच वाटली होती. तो आईसमोर बसून चुकलं म्हणेपर्यंत मी जाणार नाही. तो म्हणेल असं मला वाटत नाही.